माळ, गवत आणि गुरे : सॅव्हाना प्रदेशांच्या सहकारी अभ्यासापासून घ्यावयाचा पाठ

प्राथमिक शाळेच्या भूगोलात ‘गवताळ प्रदेश’ हा पाठ येतो आणि बहुधा एका तासात संपतो. नकाशावर आफ्रिका दाखविली जाते, हत्ती, सिंह, जिराफ ही नावे फळ्यावर लिहिली जातात, आणि वर्ग पुढील पाठाकडे वळतो. त्याच वेळी शाळेच्या खिडकीतून गावाचा माळ दिसत असतो. पाठातील गवताळ प्रदेश आणि खिडकीबाहेरचा माळ ह्यांचे काही नाते आहे, असे विद्यार्थ्यांस सहसा सांगितले जात नाही. पुढे जुलै महिन्यात त्याच माळावर विद्यार्थ्यांकडून खड्डे खणवून रोपे लावविली जातात. ‘ओसाड जागा हिरवी केली’ असे समाधान सर्वांस वाटते. ही जागा खरोखर ओसाड होती काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

गेल्या सत्तर वर्षांत अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न निरनिराळ्या खंडांत, एकमेकांच्या सहकार्याने अभ्यासिला आहे. त्या अभ्यासाची ओळख करून देणे आणि त्यातून ग्रामीण शाळेस काय घेता येईल हे सुचविणे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

१. सॅव्हाना म्हणजे काय?

‘सॅव्हाना’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील आदिवासींच्या भाषेतला. स्पॅनिश लोकांच्या मुखातून तो जगभर गेला. मराठी पाठ्यपुस्तकांत ह्या प्रदेशास ‘सुदान प्रदेश’ असेही म्हटलेले आढळते. जेथे जमिनीवर गवताचे सलग आच्छादन असते आणि त्यात मधून मधून झाडे विखुरलेली असतात, पावसाळा व कोरडा ऋतू स्पष्टपणे वेगळे असतात, अशा उष्ण कटिबंधातील भूभागास सॅव्हाना म्हणतात. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा अशा प्रदेशांनी व्यापला आहे. आफ्रिका खंडाचा जवळजवळ निम्मा भाग, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, व्हेनेझुएला व कोलंबिया ह्या देशांतील विस्तीर्ण पट्टे, आणि भारतीय द्वीपकल्पाचा मोठा भाग ह्यात मोडतो.

दाट अरण्यात झाडांच्या सावलीमुळे गवत टिकत नाही. उलट, झाडांवाचून नुसते गवत असलेले प्रदेशही जगात आहेत. मग एकाच जागी झाड आणि गवत हजारो वर्षे शेजारी शेजारी कसे नांदतात? दोघांपैकी एकाने दुसऱ्यास हटविले कसे नाही? बराच काळ ह्याचे सोपे उत्तर दिले जात असे. सॅव्हाना म्हणजे मनुष्याने तोडलेले व जाळलेले मोडके अरण्य होय, असे ते उत्तर. हे उत्तर खरे असेल, तर तेथे झाडे लावणे हे अरण्य परत आणण्याचे पुण्यकर्म ठरते. ते खरे नसेल, तर त्याच कृतीने नांदता प्रदेश मोडतो. म्हणून ह्या प्रश्नाला केवळ शास्त्रीयच नव्हे तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

२. एक प्रश्न, अनेक देश

ह्या प्रश्नाचे उत्तर एका देशात, एका वर्षात मिळण्यासारखे नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ साली जमिनीचे तुकडे आखून प्रयोग सुरू झाला. काही तुकडे दरवर्षी, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी, निरनिराळ्या ऋतूंत जाळावयाचे आणि काहींस आगीचा स्पर्शही होऊ द्यावयाचा नाही, अशी ती योजना. चार दशकांच्या नोंदी तपासल्यावर आढळले की आगीमुळे झाडांची संख्या फारशी बदलत नाही; बदलतो तो त्यांचा आकार. आग वारंवार लागली की लहान झाडे गवताच्या ज्वाळांतून वर निसटू शकत नाहीत. ती जळतात, पुन्हा बुंध्यातून फुटतात, पुन्हा जळतात, आणि वर्षानुवर्षे बुटकीच राहतात.

पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशात लॅम्टो येथे १९६२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी संशोधन केंद्र उभारले. तेथे पाऊस पुष्कळ. वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर. त्या ठिकाणी आग बंद केलेल्या तुकड्यात झाडे दाटत गेली आणि गवत मागे हटले. म्हणजे जेथे पाऊस भरपूर तेथे आगीने सॅव्हाना राखला होता. कोरड्या भागात मात्र आग बंद करूनही तसे दाट रान उभे राहत नाही.

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जुळेना, तेव्हा सर्वांनी एकत्र बसण्याची आवश्यकता उत्पन्न झाली. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र संघ आणि युनेस्को ह्यांच्या आश्रयाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथील अभ्यासक झिंबाब्वेच्या हरारे शहरी जमले आणि १९८६ साली सहकारी संशोधनाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात चार घटक मुख्य मानण्यात आले : वनस्पतींस मिळणारे पाणी, मातीतील पोषकद्रव्ये, आग, आणि चरणारे प्राणी. सर्व देशांत ह्या चार घटकांचीच मोजणी व्हावी, म्हणजे तुलना करणे शक्य होईल, असा त्यामागील विचार होता.

अशा सहकार्याचे मोठे फळ २००५ साली दिसले. महेश शंकरन ह्या भारतीय शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने अनेक देशांतील संशोधकांनी आफ्रिकेतील ८५४ स्थळांच्या नोंदी एकत्र केल्या आणि ‘नेचर’ ह्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की, वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तेथे झाडांची वाढ मुख्यतः पाण्यामुळेच मर्यादित राहते. आग व गुरे ही मर्यादा आणखी खाली आणतात, परंतु ती नसली तरी दाट अरण्य होत नाही. त्याहून अधिक पाऊस असेल तेथे मात्र आग किंवा चराई नसेल तर झाडे गवतास झाकून टाकू शकतात. म्हणजे सॅव्हाना एकाच प्रकारचा नाही. काही सॅव्हाना पावसाने घडतात, काही आगीने आणि चराईने राखले जातात.

३. सेरेंगेटी आणि बुळकांडी

टांझानियातील सेरेंगेटीचे उदाहरण विद्यार्थ्यांस सांगण्याजोगे आहे, कारण त्यात गुरांचा एक रोग केंद्रस्थानी आहे आणि तो रोग महाराष्ट्रातील जुन्या शेतकऱ्यांस चांगला परिचित होता. तो म्हणजे बुळकांडी. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेत शिरला आणि काही वर्षांतच खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरांचे कळप नष्ट झाले, पशुपालक जमाती उपासमारीस लागल्या, आणि विल्डबीस्ट, रानम्हैस ह्यांसारखे रवंथ करणारे वन्य प्राणीही मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर हा रोग अनेक दशके त्या प्रदेशात ठाण मांडून राहिला.

बुळकांडीवरील उपायात भारताचा वाटा आहे. १९२० च्या दशकात कुमाऊं टेकड्यांतील मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत बकऱ्यांच्या शरीरातून रोगबीज पुनःपुन्हा नेऊन ते क्षीण करण्यात आले आणि त्यापासून लस तयार झाली. आफ्रिकेतही बकऱ्यांद्वारे क्षीण केलेली लस बनविण्यात आली. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट ह्यांनी अधिक निर्धोक लस सिद्ध केली.

१९५० च्या दशकात सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचण्यात आली. वन्य प्राण्यांस कोणी लस टोचली नव्हती. परंतु गुरांतील रोग थांबताच १९६० च्या दशकाच्या प्रारंभी विल्डबीस्टांतूनही तो नाहीसा झाला. १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. इतक्या तोंडांनी गवत खाल्ले, तेव्हा जळावयास वाळके गवत कमी उरले. आगी कमी झाल्या. आगी कमी होताच लहान झाडे वर निघाली आणि वृक्षांचे प्रमाण वाढले. गुरांच्या दंडावर टोचलेल्या सुईचा परिणाम अशा रीतीने वृक्षांपर्यंत पोचला. अनेक देशांच्या संशोधकांनी पन्नास वर्षे मोजणी चालू ठेवली नसती, तर ही साखळी कधीच कळली नसती. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर मानवी प्रयत्नाने समूळ नष्ट झालेला हा दुसरा रोग होय.

ह्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान राखण्यासाठी १९५९ साली तेथील मसाई पशुपालकांस बाहेर घालविण्यात आले. गुरे आणि वन्य प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत, अशी त्या काळी समजूत होती. ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यासाठी शेजारच्या केनियात लायकिपिया पठारावर १९९५ साली एक प्रयोग सुरू झाला. तेथील जमीन काळी, भेगाळणारी. तिला तेथेही ‘कापसाची काळी माती’ असेच म्हणतात. प्रत्येकी चार हेक्टरांचे अठरा तुकडे आखून, कोठे केवळ गुरे, कोठे केवळ वन्य प्राणी, कोठे दोन्ही, कोठे कोणीच नाही, अशी व्यवस्था कुंपणांनी करण्यात आली. २०११ साली केनियाचे विल्फ्रेड ओडाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : कोरड्या ऋतूत वन्य प्राण्यांमुळे गुरांच्या चाऱ्यात तूट येते, हे खरे, परंतु पावसाळ्यात झेब्र्यासारखे प्राणी गवताच्या जून, वाळक्या काड्या खाऊन टाकतात आणि गुरांस कोवळा, सकस चारा मिळतो. त्या ऋतूत वन्य प्राण्यांसह चरणाऱ्या गुरांचे वजन अधिक वाढते. ‘एकत्र राहू शकतात काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्या ऋतूत?’ ह्यावर अवलंबून असते, हे त्यावरून सिद्ध झाले. अनुभवी गुराख्यास ह्यात नवल वाटणार नाही.

४. वेळेवर लावलेली आग

उत्तर ऑस्ट्रेलियात आर्न्हेम लँड नावाचा खडकाळ पठाराचा प्रदेश आहे. तेथील आदिवासी हजारो वर्षे पावसाळा संपताच, जमिनीत ओल असताना, लहान लहान आगी लावीत फिरत असत. अशी आग थोडे जाळून रात्रीच्या दवाने विझते आणि जळालेल्या व न जळालेल्या भागांची नक्षी मागे ठेवते. विसाव्या शतकात हे लोक पठार सोडून वसाहतींत राहावयास गेले. पठार रिकामे झाले. मग उन्हाळ्याच्या अखेरीस, गवत पूर्ण वाळल्यावर, हजारो चौरस किलोमीटर एका वेळी जाळणारे वणवे लागू लागले. आगीस नाजूक असणारी झाडे मरू लागली.

आदिवासी वडीलधारे आणि शास्त्रज्ञ ह्यांनी एकत्र बसून जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा विचार केला. कोठे, केव्हा, कोणत्या वाऱ्यात आग लावावयाची, हे वडीलधाऱ्यांनी सांगितले. जळालेले क्षेत्र उपग्रहाच्या चित्रांवरून मोजणे आणि धुरातील वायूंचा हिशेब करणे, हे शास्त्रज्ञांनी केले. उन्हाळ्याच्या अखेरचा वणवा अधिक गवत व लाकूड जाळतो, म्हणून त्यातून मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे वायूही अधिक निघतात. गवत जळताना निघालेला कर्बवायू पुढील पावसाळ्यातील गवत पुन्हा शोषून घेते, म्हणून तो ह्या हिशेबात धरीत नाहीत. २००६ साली सुमारे २८,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी करार झाला. डार्विन शहराजवळच्या नैसर्गिक वायूच्या कारखान्याने आपल्या धुराची भरपाई म्हणून सतरा वर्षे पैसा द्यावा, आणि आदिवासी रक्षकांनी वेळेवर आगी लावून दरवर्षी एक लाख टन कर्बवायूइतके उत्सर्जन टाळावे, असा तो करार होता. ठरलेले काम पार पडले, रक्षकांस आपल्याच भूमीवर वेतन मिळाले, आणि कुटुंबे पठाराकडे परतू लागली. पुढे ऑस्ट्रेलियातील हे अनुभवी रक्षक आफ्रिकेतील बोट्स्वाना देशातील ग्रामस्थांबरोबर बसले आणि दोन्ही खंडांच्या पद्धतींची देवाणघेवाण झाली.

येथे एक सूचना आवश्यक आहे. ही पद्धत त्या प्रदेशाची, त्या गवताची आणि पिढ्यान् पिढ्यांच्या सरावाची आहे. ती वाचून गावच्या माळास काडी लावावयाची नाही. ह्या उदाहरणातून घ्यावयाचे ते इतकेच की, प्रदेशाचे ज्ञान तेथे राहणाऱ्यांपाशी असते. शास्त्र त्या ज्ञानाला माप देते.

५. महाराष्ट्राचा माळ

पर्जन्यछायेतील अनेक तालुक्यांत वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटरपेक्षा कमी आहे. आफ्रिकेतील आकडा येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. जमीन, पावसाची वाटणी व मनुष्यवस्ती भिन्न आहे. तथापि सोलापूर, पुणे, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील माळ पाहणाऱ्यास साम्य सहज दिसते. हिवर, बोर, खैर ही विरळ, काटेरी झाडे. त्यांखाली पवन्या, मारवेल आणि कुसळी. धोतराला चिकटणारे हे कुसळीचे गवत आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियातही उगवते. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड आणि माळढोक हे ह्या माळाचे रहिवासी. माळढोकासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले, तरी आज हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

हा माळ मोडक्या अरण्याचा अवशेष नसावा, ह्याचा एक पुरावा मराठी भाषेनेच दिला आहे. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील ह्या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य व लोककथा ह्यांतील वनस्पतींचे उल्लेख शोधून २०२५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४४ रानवनस्पती आढळल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य गवताळ माळावर वाढणाऱ्या, उघड्यावरच्या आहेत. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीही येथे माळच होता, असा त्याचा अर्थ होतो.

असे असता सरकारी नोंदींत झुडपांच्या व गवताच्या जमिनींचा मोठा भाग ‘पडीक’ ह्या सदराखाली येतो. १९५० साली सुरू झालेल्या वनमहोत्सवाची परंपरा स्तुत्य आहे. शाळेचे आवार, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ, शेताचा बांध येथे झाडे अवश्य लावावीत. परंतु गवताच्या माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी ह्यांची दाट लागवड झाली की सावलीखाली गवत मरते. गवत गेले की मेंढ्यांचा चारा गेला, आणि उघड्यावर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची जागा गेली. गवताने साठविलेला कर्ब मुख्यतः मुळांत व मातीत असतो, तो डोळ्यांस दिसत नाही. म्हणून झाडांच्या संख्येवरून लाभ मोजणारा मनुष्य येथे फसतो. आफ्रिकेत २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टरांवर वने पुनरुज्जीवित करण्याची योजना २०१५ साली आखली गेली, तेव्हा त्यातील पुष्कळ क्षेत्र मुळात सॅव्हाना आहे, असा आक्षेप शास्त्रज्ञांनी ह्याच कारणास्तव घेतला.

माळाचा शाश्वत उपयोग म्हणजे त्यास हात न लावणे नव्हे. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघणारा धनगर पाऊस व चारा पाहून मुक्काम हलवितो, शेतात मेंढ्या बसवून खत देतो आणि पुढे जातो. केव्हा चारावे, केव्हा राखावे आणि केव्हा हलावे, हे कळणे म्हणजेच शाश्वत उपयोग होय. गायरान आक्रसते आणि वाट बंद होते, तेव्हा तोच कळप एका जागी अडकतो आणि माळ खरोखरच उजाड होतो. मग दोष मेंढ्यांस दिला जातो.

६. शाळेत करावयाचे काम

वरील संशोधनाचे बळ महागड्या उपकरणांत नसून तीन साध्या गोष्टींत आहे : सर्वांनी एकच प्रश्न विचारावा, एकाच मापाने मोजावे, आणि मोजणी पुष्कळ वर्षे सोडू नये. ह्या तिन्ही गोष्टी द्विशिक्षकी शाळेसही साध्य आहेत.

(अ) ग्रामपंचायतीच्या संमतीने गायरानात एक मीटर लांब-रुंद असे दोन चौरस आखावेत. एकास काटेरी फांद्यांचे कुंपण करावे, दुसरा मोकळा ठेवावा. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत दर पंधरवड्यास गवताची उंची व प्रकार मोजून वहीत लिहावेत. शेवटी दोन्हींतील गवत कापून, वाळवून वजन करावे.

(आ) सरळ बाजूंच्या डब्यात पडलेला पाऊस रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने मोजावा. वर्षाची बेरीज तहसील कार्यालयातील आकड्यांशी ताडून पाहावी.

(इ) गावातील वृद्ध, गुराखी व मेंढपाळ ह्यांच्याकडून गवतांची नावे, ती केव्हा कापावयाची व कोणत्या जनावरास चालतात, ही माहिती विद्यार्थ्यांनी विचारून घ्यावी. प्रत्येक गवताचा वाळविलेला नमुना वहीत लावावा. मेंढपाळाचा मुलगा वर्गात असेल तर ह्या पाठापुरते त्याने बोलावे आणि इतरांनी लिहावे.

(ई) केंद्रातील सर्व शाळांनी हीच कृती एकाच पद्धतीने करून केंद्रसंमेलनात तक्ते समोर ठेवावेत. एका गावी कुंपणातील गवत अधिक भरेल, दुसऱ्या गावी कुंपणात झुडपे वाढतील. फरक का पडला, ह्याची चर्चा करताना हरारे येथे जमलेल्या शास्त्रज्ञांपुढील प्रश्नच विद्यार्थी आपल्या परीने सोडवू लागतील.

वृक्षारोपणाची जागा निवडताना शिक्षकांनी प्रथम त्या जागेवर सप्टेंबरात काय उगवते ते पाहावे आणि गावात विचारावे. तेथे गवत कापले जात असेल, मेंढ्या चरत असतील, टिटवी अंडी घालीत असेल, तर ती जागा रिकामी नाही. खड्डे दुसरीकडे घ्यावेत.

स्वाध्याय

१. सॅव्हानात झाड व गवत एकत्र राहण्यास कोणते चार घटक कारणीभूत होतात?
२. गुरांस लस टोचल्याने सेरेंगेटीतील झाडे कशी वाढली, ते क्रमाने सांगा.
३. आर्न्हेम लँडमधील लोक पावसाळा संपताच आग लावीत. तीच आग उन्हाळ्याच्या अखेरीस लागली तर काय फरक पडतो?
४. गावातील माळावर कोणाकोणाचे पोट चालते? माणसे, गुरे, पक्षी व प्राणी ह्यांची यादी करा आणि ती वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्या.